मापाचा पाय : जयपूरच्या कार्यशाळेतील एक निर्मिती

कार्यशाळेत तयार होणाऱ्या बहुतेक वस्तू मापाच्या असतात. यंत्राचा एखादा भाग कातताना कारागीर पुन्हा पुन्हा माप घेतो. कारण तो भाग सैल बसला तर यंत्र खडखडते आणि घट्ट बसला तर झिजते. मात्र एकदा माप निश्चित झाले की त्याच मापाचे शेकडो भाग बनवता येतात आणि ते त्या जातीच्या सर्व यंत्रांना चालतात. माणसाच्या शरीराचे तसे नसते. पाय गमावलेल्या दोन व्यक्तींची उंची, वजन, पाय कापला गेल्याची जागा आणि उरलेल्या पायाचा आकार कधीही तंतोतंत सारखा नसतो. म्हणून कृत्रिम पाय हा प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्रपणे घडवावा लागतो. त्यातही एक प्रश्न उरतोच. तो पाय लावून त्या व्यक्तीने कोणते जीवन जगायचे आहे? या प्रश्नाचा विचार करून जयपूर येथील एका रुग्णालयाच्या कार्यशाळेत १९६८ च्या सुमारास जो पाय तयार झाला, तो आज जगभर ‘जयपूर फूट’ या नावाने ओळखला जातो.

बुटात राहणारा पाऊल

त्या काळी भारतात कृत्रिम पाय मिळत नव्हते असे नाही. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी पुणे येथे १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले होते. परंतु उपलब्ध पायांची रचना पाश्चात्त्य देशांतील राहणीला अनुसरून केलेली होती. १९५० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथे विकसित झालेले एक पाऊल पुढे अनेक देशांत प्रचलित झाले. त्याच्या आत टाचेपासून चवड्याच्या दिशेने जाणारा लाकडी कणा असे आणि टाचेच्या जागी मऊ गादी असे. चालताना टाच दबली जाई व धक्का कमी होई. सपाट रस्त्यावर, खुर्ची-टेबलाच्या घरात आणि पायांत बूट घालून वावरणाऱ्या माणसाला ते पाऊल पुरेसे होते. त्याचा आकार मुळातच बुटात राहण्यासाठी योजलेला होता.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात येणारे रुग्ण वेगळे जीवन जगत होते. ते शेतात अनवाणी काम करीत, चिखलातून आणि बांधावरून चालत. घरात ते जमिनीवर मांडी घालून जेवत. चूल पेटवताना, भांडी घासताना, शौचास बसताना ते उकिडवे बसत. देवळात किंवा स्वयंपाकघरात पादत्राणे घालून जाणे त्यांना मान्य नव्हते. अशा व्यक्तीला बुटाचा कृत्रिम पाय दिला की ती तो रुग्णालयात लावून चालून दाखवी. पण घरी गेल्यावर तो पाय कोपऱ्यात उभा राही आणि पुन्हा काखेत कुबडी येई. पाण्याने बुटाचे कातडे कुजे, आतली गादी भिजे. पाय मापाचा होता, पण जीवन त्या मापात बसत नव्हते.

येथे शरीराची एक साधी क्रिया समजून घेणे आवश्यक आहे. माणूस उकिडवा बसतो तेव्हा त्याचे तळपाय जमिनीवर टेकलेले राहतात आणि नडगी पुढच्या बाजूस झुकते. ही झुकण्याची सोय घोट्यामुळे होते. घोटा ताठ असेल तर टाच उचलली जाते आणि तोल मागे जातो. मांडी घालून बसताना पाऊल आतल्या बाजूस वळते. ओबडधोबड जमिनीवर चालताना ते डावीकडे-उजवीकडे कलते. चवड्यापर्यंत जाणारा लाकडी कणा या तीनही हालचालींच्या आड येत होता.

डॉक्टर आणि मास्टरजी

सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिरोग विभागाचे प्रमुख डॉ. प्रमोद करण सेठी हे ही अडचण रोज पाहत होते. त्यांचा जन्म १९२७ मध्ये वाराणसी येथे झाला. एडिंबरो येथून शल्यचिकित्सेची उच्च पदवी घेऊन ते भारतात परतले होते. पायाची हाडे, सांधे आणि स्नायू यांचे कार्य त्यांना नेमके ठाऊक होते. परंतु रबर कसे तापवावे, पत्रा कसा वाकवावा, साचा कसा ओतावा हे वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले जात नाही.

हे ज्ञान ज्यांच्याकडे होते, ते रामचंद्र शर्मा त्याच रुग्णालयाशी संबंधित होते. कारागिरांच्या घराण्यात जन्मलेले रामचंद्रजी कुष्ठरुग्णांना हस्तकला शिकवीत असत. त्यांचे शालेय शिक्षण अगदी थोडे झालेले होते. परंतु लाकूड, दगड, धातू अशा कोणत्याही पदार्थाला आकार देण्यात त्यांचा हात बसलेला होता. सर्व जण त्यांना आदराने ‘मास्टरजी’ म्हणत. कृत्रिम पायांच्या कार्यशाळेतील काम पाहताना रुग्णांना दिले जाणारे पाऊल खऱ्या पायासारखे दिसत नाही व तसे वागतही नाही, हे त्यांच्या लक्षात आले. हुबेहूब पाऊल घडवणे एका मूर्तिकाराला अवघड नव्हते. ते माणसाचे वजन पेलणारे आणि वाकणारे कसे करावे, हा खरा प्रश्न होता.

डॉक्टरांनी मास्टरजींना शरीराचे शास्त्र समजावून सांगितले. कोणता सांधा किती वळतो, चालताना भार टाचेकडून चवड्याकडे कसा सरकतो, हे त्यांनी दाखवले. मास्टरजींनी त्यानुसार नमुने घडवले. नमुना रुग्णाला लावायचा, त्याला चालवायचे, दोष शोधायचा आणि पुन्हा कामाला लागायचे, असा क्रम चालू राहिला. या कामात डॉ. कासलीवाल व डॉ. उदावत यांचाही वाटा होता.

रबर, लाकूड आणि साचा

पावलासाठी रबर वापरण्याची कल्पना टायरच्या दुकानात सुचली, अशी हकिगत सांगितली जाते. झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवण्याचे काम पाहून मास्टरजींना वाटले की, खडबडीत रस्त्यावर मालमोटारीचे ओझे पेलणारा हा पदार्थ माणसाचे ओझेही पेलू शकेल.

कच्चे रबर उष्णतेने चिकट व थंडीने कडक होते. त्यात गंधक मिसळून ते दाबाखाली तापवले की त्याचा गुणधर्म बदलतो. ते ताणले तरी पूर्ववत होते, पाण्याने खराब होत नाही आणि घासले जाऊनही दीर्घकाळ टिकते. या क्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये ती शोधून काढली. टायरच्या दुकानात हीच क्रिया रोज चालते.

तापलेल्या रबराला पावलाचा आकार देण्यासाठी साचा हवा. त्यासाठी आधी पावलाची प्रतिकृती करण्यात आली आणि तिच्यावरून ॲल्युमिनिअमचा साचा ओतण्यात आला. साचा एकसंध असला तर आतले पाऊल बाहेर काढता येत नाही. म्हणून तो सुट्या भागांत करून घट्ट आवळण्याची सोय ठेवावी लागते. ॲल्युमिनिअम हलके असते, कमी तापमानाला वितळते आणि उष्णता लवकर पसरवते. त्यामुळे साचा साध्या ओतशाळेत तयार होऊ शकतो आणि त्यातील रबर सर्व बाजूंनी सारखे तापते.

भरीव रबराचे पाऊल मात्र जड आणि ताठ होते. तेव्हा आतील रचना बदलण्यात आली. टाच आणि चवडा यांसाठी हलक्या, सच्छिद्र रबराचे ठोकळे घेण्यात आले. लाकडाचा कठीण ठोकळा फक्त घोट्याच्या जागी ठेवण्यात आला आणि त्यातून वरच्या भागाला जोडण्यासाठी लोखंडी बोल्ट बसवण्यात आला. हे सर्व भाग टायरमध्ये वापरल्या जाणाऱ्या नायलॉनच्या धाग्यांच्या थराने एकत्र बांधून, त्यावर त्वचेच्या रंगाचे रबर आणि तळव्याला टिकाऊ रबर लावून, साच्यात घालून तापवले जात. कठीण भाग घोट्यापुरताच राहिल्याने चवडा वर वाकू लागला, पाऊल बाजूंना कलू लागले आणि थोडे वळूही लागले. उकिडवे बसणे, मांडी घालणे आणि ओबडधोबड वाटेवरून चालणे या तीनही गोष्टी शक्य झाल्या. पावलाला बोटे होती, रंग होता आणि बुटाची गरज उरली नव्हती.

पत्र्याची नडगी

पाऊल साच्यातून निघते, म्हणून एका मापाची अनेक पावले करून ठेवता येतात. त्याच्या वरचा भाग मात्र प्रत्येकासाठी वेगळा असतो. जयपूरच्या कार्यशाळेत तो आरंभी ॲल्युमिनिअमच्या पत्र्यापासून घडवला जात असे. राजस्थानात धातूची भांडी ठोकून घडवणाऱ्या ठठेऱ्यांची जुनी परंपरा आहे. महाराष्ट्रात असे काम करणाऱ्यांना तांबट म्हणतात. पत्रा ठोकून गोलाई आणण्याचे हेच कौशल्य येथे उपयोगी पडले.

गुडघ्याखाली पाय कापलेल्या व्यक्तीसाठी काम पुढीलप्रमाणे चाले. प्रथम उरलेल्या पायाचा घेर ठिकठिकाणी मोजायचा. चांगल्या पायाची लांबी आणि पोटरीचा आकार टिपून घ्यायचा. त्या मापाने पत्रा कापून त्याची नळी करायची आणि सांधा वितळजोडाने जोडायचा. मग ही नळी हातोडीने ठोकत पोटरीचा फुगवटा व घोट्याकडील निमुळतेपणा आणायचा. पत्रा ठोकला की तो पसरतो आणि त्याच वेळी कडकही होत जातो. एकाच जागी जास्त ठोकले तर तो पातळ होऊन फाटतो. म्हणून किती जोर लावायचा आणि केव्हा थांबायचे, हे कारागिराला हाताने व हातोडीच्या आवाजावरून ओळखावे लागते. शेवटी कडा कानशीने घासून गुळगुळीत करायच्या. कारण धारदार कड त्वचेला जखम करते.

ॲल्युमिनिअम निवडण्यामागे व्यावहारिक कारणे होती. ते लोखंडाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश वजनाचे असते आणि त्यावर लोखंडासारखा गंज चढत नाही. पत्रा बाजारात सहज मिळतो. पाय पोचला किंवा बोल्ट सैल झाला, तर त्याची दुरुस्ती गावातील कारागीरही करू शकतो.

भार आणि जुळणी

नळीचा वरचा भाग म्हणजे खोबण. उरलेला पाय तिच्यात बसतो आणि शरीराचा सर्व भार तेथूनच खाली जातो. हा भार कोठे घ्यावा, हे ठरवणे सर्वांत महत्त्वाचे असते. गुडघ्याच्या वाटीखाली एक जाड, मजबूत स्नायुबंध असतो. तो दाब सहन करतो. नडगीच्या हाडाची पुढची धार, बाहेरच्या बाजूचा हाडाचा उंचवटा आणि कापलेल्या हाडाचे टोक ही ठिकाणे दाब सहन करीत नाहीत. तेथे सतत दाब आल्यास त्वचा फुटते. त्यामुळे खोबण काही जागी आत दाबलेली आणि काही जागी बाहेर फुगवलेली असावी लागते. डॉक्टर त्या जागा दाखवतो आणि कारागीर ठोकून पोकळी करतो. दोघांपैकी एकाचेही काम चुकले, तर पाय वापरणाऱ्याला प्रत्येक पावलागणिक वेदना होते.

यानंतर पाऊल बोल्टने जोडले जाते आणि जुळणी तपासली जाते. व्यक्तीला उभे करून कंबरेची दोन्ही हाडे एका पातळीत आहेत का, हे पाहतात. एक बाजू खाली असेल तर पायाची लांबी कमी पडली आहे, असे समजावे. मग चालवून पाहतात. पाऊल फार पुढे बसले असेल तर गुडघा मागे ढकलला जातो. ते फार मागे बसले असेल तर गुडघा अचानक दुमडून व्यक्ती पडू शकते. चवडा आत किंवा बाहेर वळला असेल तर चाल वाकडी होते. दोष दिसला की बोल्ट सैल करायचा, पाऊल थोडे सरकवायचे किंवा फिरवायचे, पुन्हा आवळायचे आणि पुन्हा चालवायचे. या कामात पाय वापरणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे ऐकावेच लागते. कोठे टोचते, कोठे हलते, हे फक्त तिलाच कळत असते.

कार्यशाळेतून देशभर

पाय तयार झाला तरी पहिल्या काही वर्षांत तो मोजक्याच लोकांपर्यंत पोहोचला. गरीब रुग्णाला जयपूरला येण्याचा, राहण्याचा आणि पुन्हा पुन्हा खेपा घालण्याचा खर्च झेपत नव्हता. ही अडचण ओळखून भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकारी देवेंद्र राज मेहता यांनी १९७५ मध्ये जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना केली. १९६९ मध्ये झालेल्या भीषण अपघातात ते स्वतः पाय गमावता गमावता वाचले होते. समितीने पाय विनामूल्य देण्याचे ठरवले. येणाऱ्याच्या राहण्या-जेवण्याची सोय केली आणि शक्य तितक्या लवकर त्याला पाय लावून परत पाठवण्याची पद्धत बसवली. मजुरी बुडवून आलेल्या माणसासाठी वेळही पैशाइतकाच महत्त्वाचा असतो. पुढे देशात अनेक ठिकाणी केंद्रे उघडली आणि परदेशांतही शिबिरे भरवण्यात आली. युद्धात आणि भूसुरुंगांच्या स्फोटांत पाय गमावलेल्या लोकांनाही या पायाने चालते केले.

मुंबईत राहणाऱ्या भरतनाट्यम् नर्तकी सुधा चंद्रन यांचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. १९८१ मध्ये तमिळनाडूत झालेल्या अपघातानंतर त्यांचा उजवा पाय कापावा लागला. जयपूर फूट लावून त्यांनी नृत्याचा सराव पुन्हा सुरू केला. हा सराव अत्यंत वेदनादायक होता. तरीही १९८४ मध्ये त्या मुंबईत पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांच्या जीवनावर आधारलेल्या ‘मयूरी’ या तेलुगू चित्रपटात त्यांनी स्वतःच भूमिका केली. शेतात पेरणी करणारे, रिक्षा ओढणारे, विटा वाहणारे असंख्य स्त्री-पुरुष मात्र कोणत्याही चित्रपटात दिसत नाहीत. या पायाची खरी परीक्षा त्यांनीच घेतली आहे.

मर्यादा आणि सुधारणा

हाताने घडवलेल्या वस्तूला काही मर्यादाही असतात. एका कारागिराने बनवलेले पाऊल दुसऱ्याच्या पावलापेक्षा थोडे जड किंवा कमी टिकाऊ ठरू शकते. पत्र्याच्या नळीला पोचे पडतात आणि तिची खोबण तळाशी उघडी असल्याने उरलेल्या पायाला सर्व बाजूंनी सारखा आधार मिळत नाही. या उणिवांवर तज्ज्ञांनी टीका केली आणि त्यातून सुधारणा होत गेल्या.

पत्र्याऐवजी पाण्याच्या नळांसाठी वापरले जाणारे दाट पॉलिथिनचे पाइप वापरात आले. आता उरलेल्या पायावर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून ठसा घेतात. त्यात प्लास्टर ओतून पायाची भरीव प्रतिकृती करतात आणि दाबाच्या व नाजूक जागा पाहून ती घासतात किंवा तिच्यावर भर घालतात. नंतर भट्टीत मऊ केलेला पाइप तिच्यावर चढवला जातो आणि हवा ओढून घेऊन तो तिला घट्ट चिकटवला जातो. थंड झाल्यावर पाइप तोच आकार धरतो. गुडघ्यावर पाय कापलेल्या व्यक्तींसाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने स्वस्त कृत्रिम गुडघाही तयार करण्यात आला. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००९ मधील ५० उत्कृष्ट शोधांच्या यादीत त्याचा समावेश केला. साहित्य बदलले, तरी माप घेणे, नाजूक जागा राखणे आणि चालवून जुळणी करणे ही कामे आजही कुशल हातांनाच करावी लागतात.

ज्ञानाचे वाटेकरी

डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. या पायाचे पेटंट घेण्यात आले नाही. त्यामुळे कोणत्याही कार्यशाळेला तो बनवण्याची मोकळीक राहिली आणि तो स्वस्त राहू शकला.

या पावलाची शास्त्रीय माहिती देणारा निबंध १९७८ मध्ये कृत्रिम अवयवांना वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यावर चार लेखकांची नावे आहेत. त्यांतील तीन नावे डॉक्टरांची आहेत. चौथे नाव आर. चंद्र, म्हणजेच मास्टरजी रामचंद्र यांचे आहे. शाळेत फारसे न गेलेल्या एका कारागिराचे नाव जगभरातील डॉक्टर वाचतात अशा नियतकालिकात आले, ही घटना असामान्य असली तरी न्याय्यच होती. हाड कोठे दुखेल हे पुस्तकातून कळले होते आणि रबर किती वाकेल हे हातांना कळले होते. ही दोन्ही ज्ञाने एकाच कामाच्या टेबलावर आली, तेव्हाच कोपऱ्यात उभा राहणारा पाय शेतात चालू लागला.